ऑनलाइन दिसलेली 'निप्पॉन' शिक्क्याची जपानी फुलदाणी खरंच शंभर वर्षांची असेल का?

असू शकते, पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. नोकरीसाठी नागोयात आलो तेव्हा मला हा नाद लागला आणि पहिलीच फुलदाणी खोटी गळ्यात पडली, तीही १२,००० येनला, म्हणून जरा तळमळीने लिहितोय.

आधी शिक्क्याचं गणित. अमेरिकेने १८९० च्या टॅरिफ कायद्यात बाहेरच्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत टाकायची सक्ती केली, तेव्हा जपान्यांनी निप्पॉन (जपानीत जपानचंच नाव) टाकलं, आणि १९२१ मध्ये तिथल्या कस्टम्सवाल्यांनी हे चालणार नाही, जपानच लिहा म्हणून सांगितलं. म्हणजे शिक्का अस्सल असेल तर माल साधारण १८९१ ते १९२१ मधला. 'ऑक्युपाइड जपान' (परक्या सैन्याच्या ताब्यातला जपान) दिसलं तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, फार तर १९५२ पर्यंतचा.

पण शिक्का काय, कोणीही मारतं. माझ्या फुलदाणीवर पानांच्या गोल माळेत एम हवा होता (मोरिमुरा बंधूंचा, पुढे नोरिताके झालेली कंपनी १९०४ मध्ये त्यांनीच इथे काढली), तिथे होतं वाळूच्या घड्याळासारखं काहीतरी आणि मी बावळट वरचे गुलाबच बघत बसलो.

त्यापेक्षा हात फिरवून बघा. मोरिआगे म्हणून एक काम असतं, मेंदीच्या कोनातून काढावी तशी पातळ मातीची उठावाची नक्षी. जुन्या भांड्यावर ते ठिपके बारीक आणि सफाईदार लागतात, माझ्या नकलेवर नुसते थबथबीत गोळे आहेत आणि वजनालाही ती धोंडा आहे. सोनेरी काम कडेला, कानाला, जिथे बोटं लागतात तिथे थोडं तरी झिजलेलं हवं. टिचकी मारली की खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

गंमत म्हणजे यातला पुष्कळ माल अमेरिकेला गेला, त्यामुळे परत आलेल्या नगांना इथले दुकानदार 'सातोगाएरी' म्हणतात, म्हणजे चक्क माहेरी आलेली लेक! इथल्या, नागोयातल्या ओसू कान्नोन देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुना बाजार भरतो, तिथे असे नग हातात घेऊन बघता येतात, मी तिथेच शिकलो.

तुम्ही विकणाऱ्याकडे बुडाचा आणि कडेचा उजेडातला फोटो मागा, टाळाटाळ केली तर सोडून द्या. आणि घेतलीच तर डिशवॉशरमध्ये टाकू नका, सोनं जातं. माझी एक बशी तशीच गेली, आता ती कपाटात पालथी ठेवलीय, बायको विचारते तेव्हा म्हणतो शिक्का दिसावा म्हणून.