लहान मुले आणि आजी-आजोबा यांना घेऊन आठवडाभराच्या सहलीला कोणते ठिकाण निवडावे?

तुमचा प्रश्न ठिकाणाबद्दल आहे. सासू-सासरे सत्तरीपुढचे, मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. डोंगर बरा की समुद्र, आणि एकाच जागी मुक्काम करावा की रोज पुढचे गाव गाठावे, असे तुम्ही विचारले आहे. त्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही एक वाक्य जोडले आहे: "आजी-आजोबा सोबत असल्यामुळे आम्हा दोघांनाही थोडी मोकळीक मिळेल." मी स्वतः आजी आहे आणि हे उत्तर मी त्या वाक्यामुळे लिहीत आहे. ही मोकळीक कोणाच्या झोपेतून आणि कोणाच्या गुडघ्यांच्या जिवावर मिळणार आहे, आणि त्याबद्दल सासूबाईंना कोणी विचारले आहे का, याचा तुमच्या प्रश्नात कुठेही उल्लेख नाही. ते विचारल्याशिवाय डोंगर निवडला काय आणि समुद्र निवडला काय, सहल बिघडते, असे माझे ठाम मत आहे.

ठिकाणाचे उत्तर थोडक्यात देते. एकाच जागी मुक्काम करा आणि तिथून जवळपास फिरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. रोज सामान बांधून निघणाऱ्या कुटुंबात दुपारची झोप सर्वांत आधी मोडते. मग संध्याकाळी मूल किरकिर करते आणि त्याला घेऊन येरझारा घालण्याचे काम बहुधा आजीच्या वाट्याला येते. वृद्धांचीही अडचण याच प्रकारची असते. नव्या खोलीत रात्री उठल्यावर दिव्याचे बटण कुठे आहे, न्हाणीघराचा उंबरा किती उंच आहे, हे अंगवळणी पडायला एक-दोन रात्री लागतात, आणि रोज खोली बदलणाऱ्याच्या ते कधीच अंगवळणी पडत नाही. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचे हाड मोडलेले लोक मी जवळून पाहिले आहेत. म्हणून खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ असावी, न्हाणीघर खोलीला जोडून असावे आणि रात्री मंद दिवा चालू ठेवावा. खिडकीतून काय दिसते याची चौकशी त्यानंतर करावी.

आता आमच्याकडे काय घडले ते सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय माझ्या मतांचा कडकपणा तुम्हाला अनाठायी वाटेल.

मुलाने आणि सुनेने मोठ्या उत्साहाने सहल आखली होती. पहाटे निघायचे, दुपारपर्यंत गाडी चालवायची, दोन-तीन ठिकाणे पाहून रात्री मुक्कामाला पोहोचायचे, असा क्रम होता. दोन खोल्या घेतल्याचे आम्हाला माहीत होते, पण त्यांची वाटणी तिथे पोहोचल्यावर कळली: एका खोलीत मुलगा आणि सून, दुसऱ्या खोलीत मी, माझे यजमान आणि दोन्ही नातवंडे. "आई, त्यांना तुमच्याजवळच झोपायला आवडतं," असे मुलगा म्हणाला आणि ते खरेही होते. घरी नातवंडे माझ्या कुशीत झोपतात आणि मला त्याचा आनंदच आहे. परंतु घरी माझ्या पलंगाच्या एका बाजूला भिंत आहे, औषधे वरच्या कपाटात असतात, आणि मध्यरात्री धाकटा रडायला लागला तर त्याची आई शेजारच्या खोलीतून क्षणात येते. इथे तिची खोली मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिचे दार आतून बंद होते.

एका पहाटे मला जाग आली तेव्हा धाकटा नातू बिछान्यावर बसलेला होता, यजमानांची गोळ्यांची डबी त्याच्या हातात उघडी होती आणि गोळ्या चादरीवर पसरल्या होत्या. ही डबी वारांप्रमाणे कप्पे केलेली असते आणि तिची झाकणे मुद्दामच सहज उघडतील अशी केलेली असतात, कारण ती दुखऱ्या बोटांच्या माणसांसाठी असते. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून औषधांच्या काही बाटल्यांना जे दाबून फिरवायचे झाकण असते, ते इथे नसते. मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया वर्गातल्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा असतात की त्यांतली एकच गोळी दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. त्यातही सल्फोनिलयुरियाचा परिणाम कित्येक तास उशिरा दिसू शकतो, त्यामुळे मूल हसते-खेळते दिसते म्हणून थांबून चालत नाही. मी त्याच्या तोंडात बोट फिरवून पाहिले, सुनेला हाक मारायला यजमानांना पाठवले आणि चादरीवरच्या गोळ्या मोजायला बसले. डबी मीच भरली होती, त्यामुळे कोणती गोळी किती उरायला हवी याचा हिशेब मला तोंडपाठ होता. एखादीही कमी भरली असती, तर ते मूल कितीही टवटवीत दिसत असले तरी आम्ही गोळीचे नाव घेऊन थेट रुग्णालय गाठले असते. अशा वेळी ओकारी काढायला लावू नये आणि घरगुती उपाय करत बसू नये.

रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या बरोबर भरल्या. लघवीच्या गोळ्या मात्र उरायला हव्या होत्या त्याहून जास्त निघाल्या.

यजमानांच्या पायांना सूज का आली होती आणि त्यांना पायऱ्या चढताना धाप का लागत होती, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला. प्रवासात सारखी गाडी थांबवावी लागू नये म्हणून त्यांनी ती गोळी घेणे कोणालाही न सांगता बंद केले होते, आणि पाणी पिणेही जवळपास थांबवले होते. या गोळीचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि सुमारे सहा तास टिकतो; सकाळी घेतली की दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा लघवीला जावे लागते. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली तेव्हा मुलाने घड्याळ पाहिले होते. तो एक शब्दही बोलला नव्हता, परंतु आयुष्यभर कोणाकडे काही न मागितलेल्या माणसाला तेवढे पाहणे पुरेसे होते. गोळी बंद केल्याने शरीरात पाणी साचते आणि हृदयावरचा ताण वाढतो. वयाबरोबर तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते, त्यामुळे पाणी कमी पडत असल्याचे त्या माणसाला स्वतःलाही कळत नाही, आणि मग उठून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. आम्ही त्याच सकाळी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. प्रवासाच्या दिवशी या गोळीची वेळ पुढे-मागे करता येते, मात्र ते डॉक्टरांनी ठरवायचे असते आणि निघण्यापूर्वी विचारायचे असते.

त्या दिवशी मी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. रात्री मुले आई-वडिलांच्या खोलीत झोपतील. आणि गाडी ठरावीक अंतराने थांबेल, कोणी मागितले म्हणून नव्हे तर वेळ झाली म्हणून. दर दीड-दोन तासांनी सगळेच उतरले, तर कोणाला मागावे लागत नाही. हे थांबणे इतरांच्याही फायद्याचे आहे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, आणि वयस्कर माणसांत मुळातच तो अधिक असतो. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा या वयात सर्वाधिक होतो. कान सांगतात की आपण हलत आहोत आणि मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, या विसंगतीतून मळमळ सुरू होते. तुमच्या मुलीला खिडकीतून दूरवर पाहायला लावा, मोबाईल देऊ नका, आणि तुमच्या मुलाला प्रवासभर त्याच्या स्वतःच्या आसनात पट्ट्याने बांधून बसवा. आजीच्या मांडीवर बसलेले मूल सुरक्षित असते हा समज मी आमच्या पिढीकडून फार ऐकला आहे आणि तो धोकादायक आहे. गाडीला धडक बसली तर कोणतेही हात त्या मुलाला धरून ठेवू शकत नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ताई, नातवंडं जवळ झोपतात हे भाग्य समजायचं. त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवणारी आजी मी पहिल्यांदाच पाहते आहे." हा वाद आमच्यात आजही चालू आहे आणि ती हे उत्तर वाचेल याची मला कल्पना आहे. तिचे म्हणणे असे की आजी-आजोबांनी सहलीला जायचे ते मुलांसाठी, स्वतःच्या सोयी पाहायच्या असतील तर घरी बसावे. मला हे मान्य नाही. ज्यांना रात्री कमी दिसते, ज्यांची ऐकण्याची यंत्रे झोपताना काढून ठेवलेली असतात, ज्यांच्यापैकी एखाद्याला झोपेची गोळी लागते, त्या माणसांवर अनोळखी खोलीत दीड वर्षाच्या मुलाची रात्रीची जबाबदारी टाकण्याला मी भाग्य म्हणणार नाही. तिचा दुसरा मुद्दा असा की गोळ्यांची डबी घरीही मुलाच्या हाती लागू शकते. लागू शकते, आणि लागतेही. परंतु प्रवासातल्या खोलीत ठेवायला जागा म्हणजे बहुधा पलंगाशेजारचे बुटके टेबल किंवा उघडी पिशवी, आणि ती नेमकी मुलाच्या उंचीला येते. माझे प्रेम कमी असते तर मी खोलीच्या वाटणीवरून शब्दही काढला नसता, एवढेच मी तिला पुन्हा सांगेन.

पाण्याकाठी हाच प्रश्न अधिक गंभीर होतो, आणि तुम्ही समुद्राचा विचार करत आहात म्हणून सांगते. लहान मूल बुडते तेव्हा आरडाओरडा होत नाही, हातपाय आपटल्याचा आवाजही बहुतेक वेळा होत नाही, आणि तुमच्या मुलाच्या वयाला वीतभर खोलीचे पाणीसुद्धा जीवघेणे ठरू शकते. चार-पाच मोठी माणसे काठावर बसलेली असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहत आहे. आई-वडिलांना वाटते आजी पाहत आहे, आणि आजी त्या वेळी आजोबांना वाळूतून उठायला हात देत असते. मुले पाण्याजवळ असतील तेव्हा एका वेळी एकाच प्रौढाचे नाव घेऊन जबाबदारी द्या, त्याच्या हातात फोन नसावा, तो मुलापासून हाताच्या अंतरावर असावा, आणि पाळी बदलताना ती तोंडाने सांगून बदला. गुडघे दुखणाऱ्या आणि पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांची नावे या पाळीत घालू नका. त्यांनी आग्रह धरला तरी घालू नका.

आता काही गोष्टी माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत, त्या नोंदवायला हव्यात. सगळ्या आजी-आजोबांना वेगळी खोली हवी असते असे नाही. कित्येकांना रात्री गोष्ट सांगून नातवंडाला झोपवणे हाच सहलीतला सर्वांत मोठा आनंद असतो, आणि तुमच्या सासूबाई तशा असतील तर त्यांचा तो आनंद माझ्या मतांपायी हिरावून घेऊ नका. औषधे कुलूपबंद पिशवीत ठेवा आणि तुमचा दरवाजा हाकेच्या अंतरावर असू द्या. संध्याकाळचा तास-दोन तास त्यांनी मुलांजवळ बसावे आणि तुम्ही दोघांनी फिरून यावे, यातही गैर काही नाही, फक्त ते आधी विचारून ठरलेले असावे आणि त्याच्या बदल्यात त्यांनाही मुलांविना एखादी मोकळी दुपार मिळावी. मात्र विचारताना नवऱ्याने आपल्या आईला एकटीला विचारावे. सर्वांसमोर विचारले तर आमच्या वयाची बाई "मला काही अडचण नाही" असेच म्हणते, आणि तुम्ही सून म्हणून विचारले तर तर नक्कीच म्हणते.

डोंगर निवडणार असाल तर उंचीची चौकशी करून मगच आरक्षण करा. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, म्हणून तितक्या उंचीवर एका दिवसात थेट जाऊन झोपू नका, आणि ३,००० मीटरच्या वर रोजची झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. तुमचा दीड वर्षाचा मुलगा डोके दुखते असे सांगू शकणार नाही. तो फक्त चिडचिड करेल, खाणार नाही आणि झोपणार नाही, आणि ही लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच दिसतात. अशा वेळी ती उंचीमुळेच आहेत असे धरून खाली उतरावे. सासऱ्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर इतक्या उंचीवर त्यांनी जावे की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर ते ठिकाण सगळ्यांसाठीच रद्द करा, त्यांना एकट्याला घरी ठेवून जाऊ नका.