तार, मंद्र आणि आयाम : आवाज ‘उंच’ होतो म्हणजे काय होतं?

प्रश्न ग्वाल्हेरच्या लष्कर भागात विज्ञानाच्या शिकवण्या घेणाऱ्या एका ताईंचा आहे. त्यांची सातवी-आठवीची मुलं शाळेत हिंदीतून शिकतात आणि घरी मराठी बोलतात. ध्वनितरंग शिकवताना ‘आवाज उंच होतो’ म्हटलं की निम्मी मुलं पिच (स्वर वरचा की खालचा) समजतात, निम्मी व्हॉल्यूम (आवाज मोठा की लहान). पिचला मराठीत काय म्हणावं : तारता, उच्चनीचता की पट्टी? आणि ‘आवाज चढवणं’ यातलं नेमकं काय?

ताई, ‘तारता’ म्हणा. हिंदी पुस्तकातला ‘तारत्व’ त्याचाच सख्खा भाऊ, त्यामुळे मुलांना दोन शब्द पाठ करावे लागणार नाहीत. ‘पट्टी’ इथे चालत नाही. पट्टी पेटीची. काळी एक, पांढरी चार असं म्हणतो तेव्हा गाणाऱ्यानं आपला षड्ज, म्हणजे ‘सा’, कुठे धरला आहे एवढंच कळतं. त्याच एका पट्टीत मंद्र, मध्य, तार (खालचं, मधलं, वरचं सप्तक) असं सगळं गाता येतं. काळी एक म्हणजे सुमारे 277 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. त्याच पट्टीतला तार षड्ज 554 आणि मंद्र षड्ज साधारण 139. मंद्रापासून तारापर्यंत पट्टी तीच राहिली, तारता मात्र चौपट झाली. रागावलेला माणूस ‘वरच्या पट्टीत बोलतो’ हा वाक्प्रचार बोलण्यात खुशाल असू द्या, विज्ञानाच्या वहीत नको.

‘उच्चनीचता’बद्दल पुढे सांगतो, कारण सगळा घोळ त्या ‘उच्च’मध्येच आहे. त्याआधी ‘मंद सप्तक’. आपल्या गावात, जिथे 1918 सालापासून माधव संगीत महाविद्यालय आहे, तिथे गाण्याच्या कार्यक्रमांत निवेदक बिनदिक्कत ‘मंद सप्तक’ म्हणतात आणि स्मरणिकांतही तसंच छापतात. तो शब्द मंद्र आहे, मंद नव्हे. मंद्र म्हणजे गंभीर, खोल आणि कानाला सुखावणारा. ऋग्वेदात अग्नीला ‘मन्द्रजिह्व’ म्हटलंय ते त्याची जीभ सावकाश चालते म्हणून नव्हे, गोड आहे म्हणून. ढगांच्या आवाजाला आपण मेघमंद्र म्हणतो तोही हाच शब्द.

हा एक रकार गळल्यानं विज्ञान बिघडतं. आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे घरोघरी ‘टीव्हीचा आवाज तेज कर’ म्हणतात. एकीकडे तेज, दुसरीकडे मंद, म्हणजे मुलाच्या डोक्यात जोडी तयार झाली वेगाची. मग खालचा स्वर हळू येतो आणि वरचा झपाट्यानं, असं ते खात्रीनं सांगतं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर, तो मंद्रालाही तेवढाच आणि तारालाही. तसं नसतं तर तानसेन समारोहात मागच्या रांगेत बसलेल्याला गायकाची तान आधी आणि तंबोऱ्याचा खर्ज (खालचा सा) नंतर ऐकू आला असता.

आता ‘तार’. पुष्कळ संगीतशिक्षक मुलांना सांगतात की तार सप्तक म्हणजे तारेचं सप्तक, तार ताणली की वरचा स्वर निघतो म्हणून. ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. सतारीतली तार फारसीतही आहे, ‘सेह तार’ म्हणजे तीन तारा. स्वराचा ‘तार’ मात्र संस्कृत विशेषण आहे आणि ‘तॄ’ या धातूचं आहे : तरणे, पार जाणे. अवतार, वितरण, तीर ही सगळी त्याच घरातली. तार स्वर म्हणजे पार जाणारा, भेदून जाणारा. भिंत भेदण्यात खरं तर खालचे स्वर सरस असतात, शेजारच्या आळीतला ढोल दारं लावूनही ऐकू येतो. पण माणसाचा कान सर्वांत तल्लख असतो तो साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या टापूत, म्हणून शिट्टी आणि तान्ह्या बाळाचं रडणं गर्दीतही कानात घुसतं. ज्यांनी या स्वराला ‘तार’ म्हटलं, त्यांनी कानावर विश्वास ठेवला.

संस्कृत अमरकोश रचणाऱ्या अमरसिंहाशी मात्र माझं भांडण आहे. ‘मन्द्रस्तु गम्भीरे तारोऽत्युच्चैः’, म्हणजे मंद्र तो गंभीर आणि तार तो अति ‘उच्चैः’, असं लिहून तो मोकळा झाला. उच्चैः म्हणजे वरचा की मोठा? हे कोशकारानं सांगायला नको? व्याकरणकार पाणिनीनं ‘उच्चैरुदात्तः’ (जो उच्चैः तो उदात्त स्वर) असं सूत्र केलं, तेव्हाही हीच शंका आली आणि त्याचा भाष्यकार पतंजली यानं ती महाभाष्यात उघड मांडली. तो म्हणतो, उच्च-नीच याला ठाव नाही. पाठ म्हणणाऱ्या एकालाच कोणी म्हणतो, ‘काय ओरडतोस, हळू म्हण’, आणि दुसरा म्हणतो, ‘दातांतल्या दातांत काय पुटपुटतोस, मोठ्यानं म्हण’. तुमच्या शिकवणीत मुलं आज जी गल्लत करतात तीच ही, दोन हजार वर्षांपूर्वीची. ‘उच्चनीचता’ला माझा विरोध आहे तो यासाठीच.

पतंजलीनं तिथेच उत्तरही नोंदवलं आहे आणि या सगळ्या चर्चेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. तैत्तिरीय प्रातिशाख्यातही ते आहे; प्रातिशाख्य म्हणजे वेदपाठाच्या उच्चारांचे नियम सांगणारा ग्रंथ. आवाजाला उच्च करणाऱ्या गोष्टी तीन : आयाम, दारुण्य आणि अणुता खस्य. आयाम म्हणजे अवयवांचा ताण, दारुण्य म्हणजे स्वराचा कठीणपणा, अणुता खस्य म्हणजे कंठाची पोकळी अरुंद होणं. नीच करणाऱ्याही तीन : अन्ववसर्ग म्हणजे सैलावणं, मार्दव आणि उरुता खस्य म्हणजे कंठाची पोकळी रुंद होणं. ऋक्प्रातिशाख्यही उदात्ताचं कारण आयामच सांगतं. ‘आ’ आणि ‘यम्’, म्हणजे ताणून धरणं, लांबवणं. प्राणायामातला आयाम तोच.

आणि आज मराठी-हिंदी दोन्ही पाठ्यपुस्तकांत आयाम म्हणजे काय? ॲम्प्लिट्यूड! म्हणजे कंपणारी गोष्ट जागेपासून किती दूर जाते ते माप; ज्यावर आवाजाचा लहान-मोठेपणा ठरतो आणि ज्याचा तारतेशी संबंध नाही, ते. आवाज वर नेणाऱ्या गोष्टीचं नाव परिभाषा करणाऱ्यांनी उचललं आणि आवाज मोठा करणाऱ्या गोष्टीला दिलं. ‘आयाम म्हणजे विस्तारच की’ असं समर्थन करणाऱ्यांनी संस्कृतातली ‘आयाम-विस्तार’ ही जोडी पाहावी : आयाम लांबी, विस्तार रुंदी. तार लांबीला ताणलेली असते आणि आडवी हलते. ते आडवं हलणं आयाम कसं होईल? मराठी विश्वकोशानं ॲम्प्लिट्यूडला ‘परमप्रसर’ म्हटलं आहे आणि फ्रीक्वेन्सीला, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला, ‘कंप्रता’. शब्द जड वाटतील, पण दोन्ही चोख आहेत. शिवाय हिंदीतली ‘आवृत्ति’ मराठी घरात पुस्तकाची आवृत्ती होते, तो गोंधळही कंप्रतेनं टळतो.

मुलं कुठे घसरतात ते फळ्यावर दिसतं. तरंगाची आकृती काढली की ज्याचा डोंगर उंच तो स्वर उंच, असं ती धरतात. उंच डोंगर म्हणजे मोठा आवाज. स्वर वरचा की खालचा हे डोंगर किती दाट आहेत यावर, म्हणजे एका सेकंदात किती कंपनं होतात यावर ठरतं. आणि हवा अशी सापासारखी वर-खाली होत नाही, ती पुढे-मागे दाबली-विरळ होते. आकृती त्या दाबाचा आलेख आहे, हे आकृती काढण्याआधी सांगा.

आपल्या ग्वाल्हेरात तंबोरा उसना मिळायला अडचण पडू नये. जोडाची (मधल्या दोनांपैकी एक) तार आधी हळू छेडा, मग जोरात. हलणाऱ्या तारेची धूसर पट्टी रुंद होते, आवाज मोठा होतो, सूर जागचा हलत नाही. हा परमप्रसर, पुस्तकातला आयाम. मग खुंटी किंचित पिळा. सूर चढतो. हा प्रातिशाख्यातला आयाम. लांबी तीच ठेवून ताण चौपट केला तर कंप्रता दुप्पट होते, म्हणजे षड्जाचा तार षड्ज. (खुंटीनं तेवढा ताण देऊ नका, तार तुटेल.) गळ्यातही हेच घडतं, स्वरतंतू ताणले जातात आणि कंप्रता वाढते.

‘आवाज चढवणं’ यात दोन्ही येतं, कारण माणूस जोर लावून बोलला की फुप्फुसातल्या हवेचा दाब वाढतो आणि स्वर आपोआप थोडा वरही जातो. म्हणून भाषेनं दोन्हींना एकच क्रियापद दिलं. तुम्ही वर्गात सूर चढतो-उतरतो आणि आवाज वाढतो-कमी होतो, एवढं वाटून घ्या. ‘उंच आवाज’ प्रश्नपत्रिकेतून काढून टाका.