शेडला रंग द्या, पण आधी तळ तपासा

प्रश्न: न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं घर आहे. मागच्या अंगणात 10 बाय 12 फुटांची लाकडी शेड आहे, 2009 मध्ये बांधलेली. दक्षिणेकडच्या भिंतीवर रंगाचे पोपडे सुटलेत आणि तळाशी चार-पाच इंच लाकूड काळं पडलंय. रंगारी 1,900 डॉलर सांगतो. शेडवाला नवी व्हिनाइलची शेड 6,200 डॉलरला, 24 महिने बिनव्याजी देतोय. मिस्टर म्हणतात, तीन वर्षांनी घर विकायचंच आहे, तर राहू दे तशीच. क्रेडिट कार्डावर 3,400 डॉलर बाकी आहेत, व्याज 24 टक्के. अडीअडचणीसाठी 5,000 डॉलर बाजूला आहेत. काय करावं?

उत्तर: ताई, रंग द्या, पण घरच्या घरी द्या. आणि रंगाचा डबा आणायच्या आधी एक जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन शेडभोवती फिरा. तळाच्या कडेला दर फुटावर, चारही कोपऱ्यांत आणि दाराच्या उंबऱ्याजवळ टोक दाबून बघा. लाकूड टणक लागलं तर काळेपणा बुरशीचा आहे, तो धुऊन जाईल. टोक पाव इंच सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. मग वाकून जमिनीलगतच्या तुळयांनाही असंच टोचून बघा. फक्त भिंतीची खालची पट्टी गेली असेल तर ती कापून बदलता येते. तुळयाच भुसभुशीत झाल्या असतील तर त्या शेडवर 400 डॉलरसुद्धा घालू नका. हे पाच मिनिटांचं काम पैशाचा निम्मा निर्णय करून टाकतं.

तुळया शाबूत आहेत असं धरून हिशेब मांडते. घेर 44 फूट, भिंतीची उंची 7 फूट धरली तर 308 चौरस फूट. त्यात छपराखालचे दोन त्रिकोण मिळवले की सुमारे 340. रंगाच्या डब्यावर गॅलनला 350 ते 400 चौरस फूट लिहिलेलं असतं, पण 2009 च्या अशा शेडला बहुधा ‘टी वन-इलेव्हन’ म्हणजे उभ्या खाचांचं खरबरीत प्लायवूड असतं. ते रंग पितं, म्हणून 250 च धरा. दोन हातांना तीन गॅलन, साधारण 165 डॉलर. प्रायमर दोन गॅलन, 70. कॉकच्या (फटी बुजवायच्या लेपाच्या) तीन नळ्या 21, ब्रश-रोलर 40, तळाला लावायची पीव्हीसी पट्टी आणि पत्रा 60, धुण्याचं सामान 14. बेरीज 370, त्यावर 6.625 टक्के विक्रीकर धरून 395. दुकानागणिक थोडा फरक पडेल, पण 450 च्या वर जायचं कारण नाही. वेळ मात्र दोन शनिवार-रविवार जाईल.

म्हणजे रंगाऱ्याच्या तुलनेत 1,500 डॉलर वाचतात. ते थेट कार्डाकडे वळवा. आज त्या 3,400 वर महिन्याला 68 आणि वर्षाला सुमारे 816 डॉलर व्याज चाललंय. 1,500 फेडले की वर्षाचे 360 वाचले. दक्षिणेच्या उन्हात रंग पाच-सात वर्षं टिकतो. स्वतः दिलेला रंगही तितकाच टिकेल, फक्त तयारी रंगाऱ्याइतकीच नीट हवी. सामानाचे 395 पगारातून दोन हप्त्यांत काढा. बाजूला ठेवलेल्या 5,000 ला हात लावू नका, आणि हा खर्च कार्डावर तर टाकूच नका.

बिनव्याजी योजनेबद्दल कळकळीने सांगते. 6,200 भागिले 24 म्हणजे महिन्याला 259 डॉलर. अशा बऱ्याच योजनांमध्ये व्याज माफ नसतं, पुढे ढकललेलं असतं. शेवटच्या तारखेला 50 डॉलर जरी बाकी राहिले तरी खरेदीच्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम लागतं. करारात तसं कलम आहे का ते वाचा. 24 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना दुसरा हप्ता घ्यावा असं मला अजिबात वाटत नाही. विकताना नव्या शेडचे 6,200 पूर्ण वसूल होतील हेही धरून चालू नका. विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना नवी शेड घराच्या मूळ किमतीत मिळवता येते, रंगाचा खर्च मिळवता येत नाही. पण राहत्या घरावर, अटी पूर्ण होत असतील तर, संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या पती-पत्नीला 5 लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असल्यामुळे बहुतेकांना त्याचा उपयोग होत नाही.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रंगामुळे घराची किंमत वाढणार नाही. पण तीन हिवाळ्यांत भिजून-गोठून प्लायवूडचे थर सुटतील, घेणाऱ्याचा तपासनीस त्याचे फोटो अहवालात लावेल आणि समोरचा त्यावरून भाव पाडेल. घराच्या विम्यात शेड असली तरी कुजण्याचं नुकसान त्यात बसत नाही.

आता काम. आपल्याकडे मे महिना आला की पावसाआधी रंग उरकायची घाई असते. न्यू जर्सीत पाऊस बारा महिने विखुरलेला, त्यामुळे तिथे तापमान बघायचं: रात्रीसुद्धा 50 फॅरनहाइटच्या खाली जाऊ नये आणि पुढचे दोन दिवस कोरडे असावेत. मेचा उत्तरार्ध ते मध्य जून उत्तम. सप्टेंबरही चालेल, पण संध्याकाळी लवकर दव पडतं, तेव्हा दुपारी तीनलाच ब्रश ठेवा. सोसायटीची असोसिएशन असेल तर रंगछटेची परवानगी आधी लेखी घ्या.

तळ काळा का पडला ते आधी दूर करा. छपराला पन्हळ नसेल तर पागोळ्यांचं पाणी मातीवर आपटून भिंतीवर उडतं. शेडभोवती दीड फूट रुंद खडीचा पट्टा टाका आणि मातीपासून भिंत किमान सहा इंच वर राहील अशी माती ओढून काढा. कुजलेली पट्टी सरळ रेषेत कापा, कापलेल्या कडेला प्रायमर पाजा, वर झेड आकाराचा पत्रा सरकवा आणि खाली पीव्हीसीची पट्टी बसवा. भिंतीची कड आणि पत्रा यांच्यामध्ये पाव इंच फट ठेवा. ही फट कॉकने बुजवायचा मोह होतो. बुजवलीत तर आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही आणि तीच जागा पुन्हा कुजते.

धुताना प्रेशर वॉशर नको, पाणी प्लायवूडच्या थरांत घुसतं. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी, मऊ ब्रश, मग साध्या पाण्याने धुवा. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे. दोन दिवस कडक वाळू द्या. ओल्या लाकडावर रंग दिला की पहिल्याच उन्हाळ्यात फोड येतात, आणि अशा कामात पैसे वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. सुटलेले पोपडे खरवडा आणि कडा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. शेड 1978 नंतरची असल्याने शिशाच्या रंगाची काळजी नाही. उघड्या लाकडावर डाग दाबणारा प्रायमर द्या, नाहीतर गाठींतून पिवळे डाग वर येतात. नंतर शंभर टक्के ॲक्रिलिक बाहेरच्या रंगाचे दोन हात: आधी ब्रशने खाचा भरा, मग अर्धा इंच लवीचा रोलर, आणि रंग ओला असतानाच वरून पुन्हा ब्रश. तळाची कड आणि दाराची खालची बाजू विसरू नका, पाणी तिथूनच चढतं.

पाठदुखी असेल किंवा सुट्टीच मिळत नसेल तर रंगारी बोलवा, त्यात कमीपणा नाही. मात्र तो राज्याकडे नोंदणीकृत हवा. न्यू जर्सीत 500 डॉलरच्या वरच्या अशा कामाचा करार लेखी लागतो, त्यावर नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि प्रत हातात आल्यापासून कामकाजाच्या (सुट्ट्या सोडून) तिसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही तो रद्द करू शकता. धुणं, खरवडणं, प्रायमर आणि किती हात, हे चारही करारात लिहून घ्या. आणि त्या 1,900 मध्ये तळाची दुरुस्ती धरली आहे का, ते सही करण्याआधी विचारा.