वाचकांचे प्रश्न : सागरी टाइल्स आणि सात खणांचा ट्रे

प्रश्न : समुद्राखालच्या दृश्यांचा, टाइल्स जुळवण्याचा एक खेळ मी रात्री मन शांत व्हावे म्हणून मोबाईलवर खेळते. शंख, तारामासा, समुद्रघोडा अशा चित्रांच्या एकसारख्या तीन टाइल्स उचलल्या की त्या नाहीशा होतात. वेळेचे बंधन नाही, लाटांचा मंद आवाज असतो. तरीही उचललेल्या टाइल्स जिथे जमतात तो खालचा सात खणांचा ट्रे भरून डाव जातो आणि मी चिडते. यात काही युक्ती आहे, की सगळा नशिबाचा खेळ?

उत्तर : नशिबाचा भाग आहे, पण आपण समजता त्याहून बराच कमी. एका चित्राच्या तीन टाइल्स जमताच त्या निघून जातात, म्हणजे ट्रेमध्ये कोणत्याही चित्राच्या दोनपेक्षा अधिक टाइल्स साठू शकत नाहीत. त्यामुळे आत तीनच प्रकारची चित्रे असतील तोवर जास्तीत जास्त सहा खण व्यापले जातात आणि डाव जाणे शक्यच नसते. धोका सुरू होतो तो चौथे चित्र आत येते तेव्हा. उलट सहा निरनिराळी चित्रे एकेकटी येऊन बसली, तर उरलेल्या एका खणात काहीही आणले तरी त्रिकूट पूर्ण होत नाही. ट्रे अजून भरलेला दिसत नसला तरी तो डाव गेलेलाच असतो.

चौथे चित्र कधीच उचलू नये, असा याचा अर्थ नाही, कारण खालचे थर मोकळे करण्यासाठी ते पुष्कळदा उचलावेच लागते. मात्र त्याच्या उरलेल्या दोन जोडीदार टाइल्स पटावर मोकळ्या दिसत आहेत का, हे आधी पाहावे. दोन त्रिकुटे एकाच वेळी तयार असतील, तर उंच ढिगावरचे आधी उचलावे, कारण त्याने अधिक टाइल्स उघड्या पडतात. ज्यांच्या खाली काहीच दडलेले नाही, अशा कडेच्या टाइल्स अडचणीच्या वेळेसाठी शिल्लक ठेवाव्यात. हातची शिल्लक आधी खर्च करून टाकण्याची चूक बहुतेक जण करतात, आणि प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही.

थोडा दोष सागरी सजावटीचाही आहे. निळ्या पार्श्वभूमीवर निळसर मासे आणि एकमेकांसारखे दोन शिंपले डोळ्यांना फसवतात, म्हणून रंगापेक्षा आकृतीच्या बाह्यरेषेकडे लक्ष द्यावे. टायमर नसल्याने उचलण्यापूर्वी हवे तितके थांबता येते. घाई आपणच करतो.

प्रश्न : अशा खेळांनी स्मरणशक्ती वाढते का?

उत्तर : सरावाने हाच खेळ अधिक चांगला जमू लागतो, हे निश्चित. त्याचा लाभ इतर कामांतही आपोआप होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : हा खेळ आणि संगणकावरचा महजाँग एकच का?

उत्तर : नाते जवळचे आहे, नियम वेगळे. महजाँगच्या मूळ चिनी खेळात चौघे खेळतात. त्याच टाइल्स एकट्याने जुळवण्याचा संगणकीय खेळ ब्रॉडी लॉकार्ड यांनी 1981 मध्ये प्लेटो या संगणक प्रणालीवर तयार केला आणि 1986 मध्ये ॲक्टिव्हिजन या कंपनीच्या ‘शांघाय’ या खेळाने तो घरोघरी पोहोचवला. त्यात 144 टाइल्स असतात, त्रिकुटाऐवजी जोडी जुळवायची असते आणि साठवणीचा ट्रे नसतो. टाइल्स यदृच्छेने मांडल्या असतील, तर काही डाव कितीही विचार केला तरी सुटत नाहीत. म्हणून काही खेळांत संगणक शेवटच्या जोडीपासून उलट क्रमाने मांडणी करतो, जेणेकरून सुटण्याचा एक तरी मार्ग राहतो. एकाच चित्राच्या चारही टाइल्स मोकळ्या असल्या, तर त्या निर्धास्त काढाव्यात. तीनच मोकळ्या असल्या, तर मात्र कोणत्या दोन काढल्याने अधिक टाइल्स सुटतील, हे पाहूनच हात लावावा.