तुझ्या टँकरच्या चित्रफितीविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गावातल्या पाण्याच्या टँकरची चित्रफीत मी लक्षपूर्वक पाहिली, आणि माध्यमसाक्षरतेचा, म्हणजे बातम्या, चित्रे आणि चित्रफिती पारखून पाहण्याचा, अभ्यास कुठून सुरू करावा या तुझ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे असे मला वाटले. दुसऱ्यांच्या बातम्या आणि जाहिराती तपासण्याआधी आपण स्वतः केलेले चित्रण तपासावे, कारण तिथे कोणता निर्णय का घेतला हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

पहिलेच दृश्य घे. हंडा धरून उभी असलेली वृद्ध बाई तू टँकरवर चढून वरून टिपली आहेस. कॅमेरा वर आणि माणूस खाली असला की माणूस लहान, एकटा आणि बिचारा दिसतो. तोच कॅमेरा कमरेच्या खाली धरून वर रोखला की तीच व्यक्ती भारदस्त दिसू लागते, आणि म्हणून प्रचाराच्या चित्रफितींत पुढारी बरेचदा खालून टिपलेले असतात. गर्दीमुळे तुला वर चढावे लागले हे मी समजू शकतो, परंतु पाहणाऱ्याला तुझी अडचण दिसत नाही, त्याला बाईची लाचारी तेवढी दिसते. प्रत्यक्षात पुढच्याच दृश्यात ही बाई टँकरच्या चालकाला खेपा कमी का झाल्या म्हणून खडसावते आहे, आणि ते तू चार सेकंदांत आटोपलेस. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा धरून तिचे बोलणे पूर्ण ऐकवले असतेस, तर प्रेक्षकाला नुसती दया येण्याऐवजी खेपांचा हिशेब विचारावासा वाटला असता.

हंड्यांची रांग तू दूर उभी राहून, झूम करून घेतली आहेस. लांबून टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ दाखवणाऱ्या, भिंगाने घेतलेल्या चित्रणात मागचे आणि पुढचे यांतले अंतर आटल्यासारखे दिसते, त्यामुळे तीस हंडेही शंभर भासतात. मोर्चाची गर्दी याच रीतीने दाट दाखवता येते, आणि उंचावरून रुंद भिंगाने घेतली तर तीच गर्दी विरळही दाखवता येते. यातले कोणतेही चित्रण बनावट नसते. म्हणून एखादे चित्र खरे की खोटे एवढे विचारून भागत नाही. कॅमेरा कुठे उभा होता आणि चौकटीबाहेर काय राहिले, हेही विचारावे लागते.

सर्वांत जास्त काळजी मला तुझ्या संकलनाची, म्हणजे दृश्ये कापून एकमेकांना जोडण्याची, वाटते. कोरड्या विहिरीच्या दृश्याला लागूनच तू सरपंचांचा हसरा चेहरा जोडला आहेस. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा आळीपाळीने सूपच्या वाडग्याला, शवपेटीला आणि एका तरुणीला जोडला, आणि चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यात भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असे चित्रपटाच्या अभ्यासात सांगितले जाते. सरपंचांचे ते हसू विहिरीपाशीचे नसेल, तर एक शब्दही न उच्चारता तू त्यांच्यावर आरोप केला आहेस, आणि तो चुकीचा असेल तर त्याचे उत्तर देण्याची सोय त्यांच्याकडे नाही.

असे जोडणे आणि कापणे कुठवर जाऊ शकते ते सांगतो. कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करण्यासाठी एक चित्रफीत तयार केली गेली होती. तिच्यात मोटारसायकलवरून आलेले दोघे एका मुलाला उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कोणीतरी शेवटचा भाग कापला, आणि उरलेला तुकडा २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून भारतभर व्हॉट्सॲपवरून फिरला. अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. एखादी चित्रफीत पाहून संताप अनावर झाला, तर ती पुढे पाठवण्याआधी तिची सुरुवात आणि शेवट शोधायचा, ही सवय तू आजपासून लावून घे.

आता प्रेक्षकांविषयी. ब्रिटनमधील अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडले की, कार्यक्रम करणाऱ्याने घातलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा उचलतोच असे नाही. कोणी तो मान्य करतो, कोणी स्वतःच्या अनुभवाशी ताडून काही घेतो आणि काही सोडतो, तर कोणी थेट उलटा अर्थ लावतो. तुझी चित्रफीत शहरातल्या महाविद्यालयात दाखवलीस तर मुले हळहळतील. पंचायत समितीत तीच चित्रफीत टँकर वेळेवर पोहोचत असल्याचा दाखला ठरू शकेल. गावातल्या बायका मात्र रांगेत पुढे कोणत्या वस्तीचे हंडे आहेत आणि मागे कोणत्या, हे पहिल्या नजरेत ओळखतील. तुझ्या निवेदनात त्याचा उल्लेखही नाही, आणि खरी बातमी कदाचित तिथेच असेल.

पार्श्वसंगीत काढून टाक. भांड्यांचा आणि भांडणाचा आवाज पुरेसा बोलका आहे, आणि काय वाटून घ्यायचे हे व्हायोलिनने ठरवून देण्याची प्रेक्षकाला गरज नाही.

नवा खर्डा करताना न कापलेले सगळे चित्रण जपून ठेव आणि प्रत्येक तुकड्याला तारीख, वेळ व ठिकाण लिही, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर मूळ चित्रण दाखवता येईल. सरपंचांना भेटून खेपांविषयी प्रश्न विचार आणि त्यांचे उत्तर तेवढ्याच सलगपणे घे. मग चित्रफीत सर्वांत आधी रांगेतल्या बायकांना दाखव. आवडली का असे विचारू नकोस, काय दिसले आणि काय राहून गेले एवढेच विचार, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून नव्या खर्ड्याबरोबर मला पाठव.

तुझा,
शिक्षक