सही तुझी नव्हे, मालकांची

प्रिय पोरी,

तुझा प्रोजेक्ट चार्टर, म्हणजे प्रकल्पाला मान्यता देणारा कागद, वाचला. अकरा पानं, वर कंपनीचा लोगो, आत कामाच्या वेळापत्रकाचा रंगीत गँट चार्ट आणि शेवटी सही. तुझी! बाकीचं बोलायच्या आधी ती सही खोड.

फोनवर म्हणालीस, "काका, नक्की चुकतंय कुठं तेच कळत नाही." मजकूर बरा आहे. फक्त प्रोजेक्ट मॅनेजरनं स्वतःच स्वतःची नेमणूक करून टाकली आहे. पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापनाच्या संस्थेची पीएमबोक मार्गदर्शिका तुझ्या टेबलावर मी पाहिली आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलंय की चार्टर काढायचा तो प्रकल्प सुरू करणाऱ्यानं किंवा प्रायोजकानं. त्यानं प्रकल्पाला रीतसर मान्यता मिळते आणि मॅनेजरला कंपनीची माणसं, पैसा, सामान वापरायचा अधिकार मिळतो. मसुदा तू लिही, बहुतेक ठिकाणी मॅनेजरच लिहितो. पण सही पैसे देणाऱ्याची.

आता तुमच्याकडं पैसे देणार कोण, इथंच घोळ आहे. थोरले मालक म्हणतात, कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजला बेदाण्यासाठी दोन चेंबर वाढवा. धाकटे जाता-येता सांगतात, हळदीचंही बघ, ग्रेडिंगची लाईनही बसवून टाकू. तू दोघांनाही मान डोलावलीस आणि प्रायोजकाच्या रकान्यात 'व्यवस्थापन' लिहून मोकळी झालीस. व्यवस्थापन सही करत नाही गं, माणूस करतो. तिथं एकच नाव हवं. ते कुणाचं, हे बापलेकांनी ठरवू दे. ते ठरेपर्यंत कंप्रेसरची चौकशीसुद्धा करू नकोस.

'अत्याधुनिक साठवणूक सुविधा उभारणे' हे उद्दिष्ट उद्घाटनाच्या पत्रिकेत शोभेल. तू असं लिही: दोन चेंबर, प्रत्येकी इतके टन, ठरलेलं तापमान भरल्या मालासकट सलग इतके तास टिकलं पाहिजे, तारीख अमुक. तारीख तुझ्या सोयीची चालणार नाही. फेब्रुवारी-मार्चात नवा बेदाणा यायला लागतो, तासगावचा व्यापारी तुझ्या चेंबरच्या भिंतींच्या पॅनेलची वाट बघत बसत नाही. शिवाय काम संपलं हे कोण म्हणणार, तेही नावानिशी लिही. नाहीतर चेंबर चालू होऊन वर्ष उलटेल आणि तू अजून 'एवढं एकच राहिलंय' ऐकत बसशील.

काय करणार नाही, ते तर तू लिहिलंच नाहीस. हळद या प्रकल्पात नाही. ग्रेडिंग नाही. एवढ्या दोन ओळी आणि खाली सही, की धाकट्यांशी तुला वाद घालावा लागत नाही, कागद घालतो.

जोखमीत 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द वाचून मी चष्मा काढून ठेवला. सांगलीत राहतेस ना? २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. कुपवाड उंचावर आहे म्हणून तू निर्धास्त असशील, पण तेव्हा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. तुझे पॅनेल कोणत्या रस्त्यानं, कोणत्या महिन्यात येणार? ते लिही. महावितरणकडून वाढीव वीजभार वेळेत मंजूर होईल हे तू मनात धरलं आहेस. ते गृहीतकात घाल, म्हणजे सही करणाऱ्याच्याही डोळ्यांखालून जाईल.

अंदाजपत्रकाची चार पानं मात्र काढून टाक. बिजागऱ्यांचा भाव इथं कशाला? मंजूर रक्कम एका ओळीत, आणि त्यातले किती पैसे तू कुणाला न विचारता खर्च करू शकतेस, ते दुसऱ्या ओळीत. ही दुसरी ओळ मागायला तुला संकोच वाटतो, माहीत आहे. माग.

मी हट्टी होतो, हे तुला ऑफिसात कुणी ना कुणी सांगितलंच असेल. एका कारखान्यात मी सहीसाठी बॉयलरची ऑर्डर अडवून धरली होती. तोंडी होकार होता, सगळे म्हणत होते सुरू करा. 'कागदी घोडे नाचवणारा' हे नाव मला तिथंच पडलं. साईटवरचा माझा मित्र रोज शिव्या खात होता, तो पुढं माझ्याशी नीट बोलला नाही. त्याची खंत आहे. सही आली ती चिडूनच आली. नंतर खर्च वाढला तेव्हा खापर फोडायला साईटची माणसं सापडली नाहीत, कारण वाढीव काम कुणी मागितलं ते कागदावर होतं. माझं बरोबर होतं असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. पण होतं. आजही अडवीन.

असो, माझं पुराण पुरे.

मंगळवारी थोरल्यांकडं जाशील तेव्हा दोन पानांच्या वर काही नेऊ नकोस. 'ठेवा, बघतो' म्हणाले तर तिथंच बसून राहा, चहा घे, वाचून दाखव. आणि संबंधितांच्या यादीतून तू प्लांटच्या मॅनेजरांना वगळलं आहेस, का ते मला कळतं. त्यांच्याशी तुझं पटत नाही. पण चेंबर थंड करणाऱ्या अमोनियाच्या लाईनचे व्हॉल्व्ह त्यांच्या ताब्यात आहेत आणि जोडणीसाठी जुने चेंबर बंद ठेवायचे दिवस तेच देणार आहेत. त्यांचं नाव घाल, आणि मंगळवारच्या आधी त्यांना मसुदा दाखव.

तुझा,
काका