माळ्यावरच्या ट्रंकेला नवे काम

प्रश्न : माझे वडील रेल्वेत नोकरीला होते. झाकणावर त्यांचे नाव लिहिलेली पत्र्याची हिरवी ट्रंक, माझ्या लग्नातली कडक प्लॅस्टिकची सुटकेस आणि कॅनव्हासचा होल्डॉल (प्रवासात अंथरूण गुंडाळून नेण्याची पट्ट्यांची पिशवी) हे सामान वर्षानुवर्षे माळ्यावर पडून आहे. भंगारात देण्यास मन धजत नाही. ट्रंकेचे खिडकीखाली बैठे आसन करावे आणि सुटकेसीत मेथी-कोथिंबीर लावावी, असे मनात आहे. हे जमेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ट्रंकेविषयीचा आपला विचार उत्तम आहे, सुटकेसीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे.

ट्रंकेचा पत्रा पातळ असतो आणि तिची खरी ताकद कडांत व कोपऱ्यांत असते. नुसत्या झाकणावर गादी टाकून माणसे बसू लागली, की झाकण मधोमध खचते आणि मग कडी कोयंड्यात बसेनाशी होते. म्हणून झाकणाच्या मापाची 18 मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी घ्यावी आणि तिच्या खालच्या बाजूला चारही कडांना लाकडी पट्ट्या ठोकून घ्याव्यात, म्हणजे बसणाऱ्याचे वजन मधल्या पत्र्यावर न येता कडांवर जाईल. बसण्यास सोयीची उंची साधारण 45 सेंटिमीटर असते, तेव्हा ट्रंक 30 सेंटिमीटर उंच असल्यास खाली 8 ते 10 सेंटिमीटरची लाकडी चौकट आणि वर पातळ गादी पुरेशी होते. ही चौकट केवळ उंचीसाठी नाही; फरशी पुसताना ओल लागून ट्रंका बहुधा तळाकडूनच गंजतात.

रंगाच्या बाबतीत उतावीळपणा करू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 2016 मध्ये आला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्यामुळे वडिलांच्या काळातील रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. कोरडा पॉलिशपेपर घासून धूळ उडवण्याऐवजी पाण्यात चालणारा कागद वापरावा, मुलांना दूर ठेवावे आणि फक्त गंजलेल्या जागी रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या अस्तराच्या रंगाचा) हात देऊन वर रंग लावावा. झाकणावरचे नाव तसेच राहू द्यावे. त्यावर रंग फासला, तर ट्रंक आणि बाजारातील कोणतीही पेटी यांत फरक तो काय राहिला? आत गोधड्या आणि जादा पांघरुणे ठेवावीत, धान्य ठेवू नये. पैठणी ठेवायचीच असेल, तर ती मऊ सुती कापडात गुंडाळावी आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. घरात लहान मुले येत-जात असतील, तर आपोआप अडकणारी कडी काढून टाकावी आणि मागच्या बाजूस हवेसाठी चार-पाच भोके पाडून घ्यावीत, कारण लपाछपीत मूल आत शिरण्याचा धोका खरा आहे. (गौरी बसवताना हीच ट्रंक साडीने झाकून चौरंगासारखी वापरता येईल.)

आता सुटकेस. 60 बाय 40 सेंटिमीटरच्या तळात 15 सेंटिमीटर माती भरली, की ती 36 लिटर होते आणि ओल्या मातीचे वजन लिटरला दीड किलोच्या आसपास धरले, तरी सुमारे 54 किलोंचा भार होतो. एवढे वजन त्या मुठीने उचलता येणार नाही आणि मेथीला हवे असणारे ऊन जुन्या प्लॅस्टिकला ठिसूळ करते. त्यापेक्षा झाकणाच्या बिजागऱ्या काढून दोन्ही भाग पलंगाखाली सरकते खण म्हणून वापरावेत. तळाला जुनी चादर डकवली, तर फरशीवर ओरखडे उठत नाहीत.

होल्डॉलचे कॅनव्हास मजबूत असते, म्हणून ते उन्हात खडखडीत वाळवून त्याच्या बाजारहाटाच्या पिशव्या शिवून घ्याव्यात. शिवणकाम साध्या घरगुती यंत्रावर न करता चपला किंवा बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावे. चामड्याचे पट्टे सुटे करून, तेलाचा हात फिरवून ठेवले, तर सतरंज्यांच्या वळकट्या बांधायला उपयोगी पडतात.